विनावाहक विमान

आमच्या घरात खिडकीच्या गजापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत एक नायलॉनची दोरी बांधलेली आहे. डोक्याच्या जरा वरून जाते. खिडकीकडच्या टोकाला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी आहे आणि दाराकडच्या लोंबत्या टोकाला नुसती गाठ. नवीन माणसाला ती कपडे वाळत घालायची दोरी वाटते. एका पाहुणीने तर तिच्यावर खरोखरच ओला टॉवेल टाकला होता. मी तिच्यावर अशी काही खेकसले की ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. नाही बोलली तर नाही.

ही दोरी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बांधली. आप्पा शहादा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. शहाद्याजवळ कळसाडीला आमचं घर आहे आणि थोडी शेती, कापूस आणि ऊस, पण ती चुलते बघतात. आप्पांनी उभी हयात स्टेअरिंग धरलं. शहादा-सुरत ही त्यांची गाडी. आधी प्रकाशाचा तापीवरचा पूल, मग नंदुरबार, मग नवापूर आणि तिथून पुढे गुजरात. रस्ता इतका अंगात भिनला होता की निवृत्त झाल्यावरही जेवता जेवता ते मध्येच म्हणायचे, आता गाडी सोनगडला पोहोचली असेल. माय म्हणायची, पोहोचू द्या, तुम्ही भाजी घ्या.

मी शहाद्याला कॉम्प्युटरचा क्लास चालवते. मला सुरतेला दिलं होतं, तिथे पटलं नाही, परत आले. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि विचारणाऱ्यांना मी आजवर याहून कमीच सांगितलं आहे. क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला, मायला भजनं ऐकता येतील, फोटो बघता येतील म्हणून. त्यात कोणी तरी विमान चालवायचा गेम टाकून ठेवला होता. गेम आपलं म्हणायला. ते होतं सिम्युलेटर. इंजिन सुरू करण्यापासून सगळं आपणच करायचं, वारा कुठून येतो ते बघायचं, आणि खाली खरी पृथ्वी, खऱ्या नद्या, खरे विमानतळ. मी ते काढून टाकणारच होते, पण त्याआधी ते आप्पांच्या नजरेला पडलं.

ज्याला हे सापडतं तो लंडन बघतो, अमेरिका बघतो, हिमालयावरून उडतो. आप्पांनी यातलं काही म्हणजे काही केलं नाही. ते सुरतेच्या विमानतळावरून निघायचे आणि शहाद्याला यायचे. आमचा मुलूख त्या सिम्युलेटरमध्ये अगदीच गरिबीत रंगवलेला आहे. हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी जमीन, तिच्यावर रस्त्यांच्या दोन-चार बारीक रेघा आणि तापीची निळी पट्टी. गाव एकही नाही. पण उकाईचं धरण आहे. ते डाव्या हाताला ठेवलं की आप्पांना पुढचं सगळं कळायचं. नवापूरच्या अंदाजाने ते विमान खाली आणायचे आणि गवतावर उभं करायचे. मी म्हटलं, आप्पा, विमान नवापूरला थांबत नाही. ते म्हणाले, तिथे माणसं चढतात. मग उभ्या विमानातून एक बटण दाबून ते डावीकडे मागे बघायचे. एसटीचं दार डाव्या बाजूला असतं, आणि उतरलेला माणूस गाडीपासून दूर झाला की नाही हे आरशात पाहिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. सिम्युलेटरमध्ये तिकडे नुसतं हिरवं गवत दिसायचं. तरी ते दर थांब्याला बघायचे.

आणि त्यांना घंटी लागायची. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. कंडक्टर दोरी ओढतो आणि ड्रायव्हर मागे न बघता ऐकतो. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. पहिल्या दिवसांत आप्पा विमान धावपट्टीवर आणायचे, इंजिन सुरू असायचं, पंखा फिरत असायचा आणि ते हातावर हात ठेवून बसायचे. काय झालं म्हणून विचारलं की स्वतःच खजील होऊन हसायचे. हे दोन-तीनदा झाल्यावर मायने स्वयंपाकघरातून कढईवर उलथनं आपटलं. टण्, टण्. आप्पांनी तत्काळ विमान सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती दोरी बांधली.

माय दाराशी पाट टाकून बसायची. तूर पाखडायची, मेथी निवडायची, आणि वेळ झाली की हात वर करून दोरी दोनदा ओढायची. विमान कुठे चाललंय हे तिने कधी विचारलं नाही. जेवण झालं की एकदा ओढायची. मग आप्पा असतील तिथे उतरायचे, उसात तर उसात, आणि हात धुवायला उठायचे. लग्न झाल्यापासून त्यांच्या ड्युटीच्या वेळा सांभाळून तिने ताटं वाढली होती, ते आले की जेवायचं, नाही आले की झाकून ठेवायचं. आता पहिल्यांदाच गाडी तिच्या हातातल्या दोरीवर चालत होती. ती फार बोलायची नाही, पण तिला हे आवडत होतं. मला दिसत होतं.

त्यात आडवा आला अँटीव्हायरस.

कॉम्प्युटर क्लासचा असल्यामुळे त्याच्यात माझा अँटीव्हायरस होता. दुपारच्या जेवणानंतर तो आपोआप सगळा कॉम्प्युटर तपासायचा आणि तपासणी संपली की एकदा टिंग करून कोपऱ्यात एक चौकट दाखवायचा. मी असते शहाद्याला, मला याची आठवणही नव्हती. एका रविवारी मी घरी होते. आप्पांचं विमान उकाईच्या पाण्यावरून चाललं होतं, चांगलं उंचावर. माय आत पीठ मळत होती. टिंग झालं. आप्पांनी तिथल्या तिथे इंजिनचा जोर काढला आणि ब्रेक दाबला. दुसरा कोणीही हे करणार नाही, पण एका घंटीला ब्रेकवर पाय जाणं हे त्यांच्या हाडात होतं. विमानाने नाक खाली घातलं आणि सरळ धरणात.

"घंटी काब वाजाडी?" आप्पांनी विचारलं.

"मी कोठे वाजाडी?" माय दारात आली. "मन्हा हात पीठमा शेतस, दखा."

आप्पांचा विश्वास बसेना. पुढे मध्यरस्त्यात घंटी मारणाऱ्या कंडक्टरविषयी ते बरंच काही बोलले, आणि मायने त्यांना धरणात विमान घालणाऱ्या ड्रायव्हरविषयी ऐकवलं. मी हसून हसून खाली बसले. मग कोपऱ्यातली चौकट दाखवली आणि खरा गुन्हेगार कोण ते सांगितलं.

झालं. त्या दिवसापासून आप्पांनी अँटीव्हायरसवर डूख धरला. विमान अडखळलं की अँटीव्हायरस. चाक वाकडं टेकलं की अँटीव्हायरस. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणायचे. पण खरं सांगायचं तर त्यांचं अर्धं खरं होतं. म्हाताऱ्या कॉम्प्युटरला एका वेळी दोन कामं झेपत नाहीत. तपासणी सुरू असली की विमान धक्के खात जायचं, एक क्षण इथे, पुढच्या क्षणी भलतीकडेच. आप्पा म्हणाले, बंद कर ते. मी तयारच होते. खेळण्यापुरता बंद ठेवायचा, नाही तर सिम्युलेटरला तपासणीतून वगळून टाकायचं. क्लासमध्ये मी हेच शिकवते, आणि यात अवघड असं काही नाही.

पण माय आडवी आली. तिला व्हायरस म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिची धाकटी बहीण नवापूरला. तिच्याकडे कोंबड्यांची शेड होती. कोंबड्यांची साथ आली तेव्हा माय तिथेच होती. पांढरे अंगरखे घातलेली माणसं आली आणि सगळी शेड खड्ड्यात पुरून गेली. आजारी नव्हत्या त्याही. मावशीच्या अंगणातला तो गलका एका दुपारीत बंद झाला आणि माय सांगायची, त्यानंतर रात्रंदिवस काही ऐकूच येत नव्हतं. तेव्हापासून व्हायरस हा शब्द तिच्यापुढे थट्टेत काढायची सोय नव्हती. कॉम्प्युटरमध्ये माझ्या लहानपणचे फोटो होते, आजीचा एकुलता एक फोटो होता. मी तिला म्हटलं, अगं माय, सगळं नको, नुसतं विमान वगळू. तर म्हणाली, विमानच तर गुजरातमधून येतं आणि त्यालाच तपासू नको म्हणतेस? साथीच्या दिवसांत नवापूरच्या नाक्यावर एकेका गाडीची चाकं फवारून मगच आत सोडत होते, हे तिने पाहिलं होतं.

"दार उघडं टाकीसन कोनी गावले जास का?" ती म्हणाली.

माझं सगळं शिक्षण पालथ्या घड्यावर पाणी. अँटीव्हायरस चालू राहिला. तोड शेवटी आप्पांनीच काढली. एसटीत तपासणीचे साहेब चढले की गाडी बाजूला उभी करावी लागते. ते तिकिटं बघतात, त्यांचं झालं की ते उतरतात, मग कंडक्टर दोन घंट्या देतो. तसंच करायचं ठरलं. दुपारी तपासणी सुरू झाली की विमान धावपट्टीवर उभं करून आप्पा म्हणायचे, चेकिंग आली, आणि आरामात पान लावायला घ्यायचे. अँटीव्हायरसचं टिंग झालं की मायला हाक मारायचे. माय मला विचारायची, मी नसले तर फोन करून विचारायची, की चौकटीत काय लिहिलंय. मी सांगायचे, चौकट हिरवी आहे ना, मग धोका नाही असं लिहिलंय. बरं, म्हणायची ती, आणि दोरी ओढायची.

अशी ती रोज बरं म्हणत होती तेव्हा तिच्या पोटात दुखत होतं. कोणाला काही बोलली नाही. अंगावर काढलं. ओवा खाल्ला, पोटावर गरम कापड ठेवलं, पाटाऐवजी भिंतीला टेकून बसायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं. तो मूर्ख डबा दररोज सगळं घर ठीक आहे म्हणून टिंग करत होता आणि आम्ही तिघं समाधानाने ऐकत होतो. त्या टिंगचा मला पुढे इतका संताप आला की एकदा मी कॉम्प्युटरची वायरच उपटली. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. पण रागाला कोणी तरी लागतंच.

सुरतेला दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. काही दिवस तिथल्या दवाखान्यात काढले आणि मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या. डॉक्टर जेव्हा एवढ्या मऊ आवाजात घरी न्या म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

भाड्याची गाडी केली. आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे, मायचं डोकं माझ्या मांडीवर. सगळा रस्ता आप्पांचा उजवा पाय खालचा पत्रा ब्रेकसारखा दाबत होता. प्रत्येक खड्ड्याआधी ते ड्रायव्हरला सांगायचे, आता खड्डा येतोय. तो वैतागला होता. व्यारा गेलं, सोनगड गेलं, नवापूर गेलं. मायला डोळा लागत होता, उघडत होता. प्रकाशाचा पूल आला आणि तिने मान उचलली. खाली तापी भरलेली होती, दुपारचं ऊन पाण्यावर होतं. तिचं माहेर त्याच काठावरचं, पण पुलावर ती कधी उभी राहिलेली नव्हती. नेहमी गाडीतून जायचं आणि खिडकीतून हात जोडायचे.

"आठे जराखा थांबाडा," ती म्हणाली. "उतरू द्या माले."

आप्पांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिला बसवत नव्हतं, तर उतरणार कशी? सलाईनची सुई हातात तशीच होती. ऊन होतं, आणि घर जवळ आलं होतं.

"घर उनं आते," ते म्हणाले. "घर जाऊत."

तिने परत मांडीवर डोकं ठेवलं. आणखी एकदा काही तरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. गाडी पूल ओलांडून गेली. घरी आल्यावर ती थोडेच दिवस होती आणि त्यातले बरेचसे झोपेत गेले. राख आम्ही प्रकाशालाच सोडली, काठावर, पुलाच्या खालच्या बाजूला. आप्पा पाण्यात गुडघाभर उभे होते आणि सारखे वर पुलाकडे बघत होते.

पुढचे दिवस माणसांचे असतात. सगळे येतात, बसतात, त्याच त्या गोष्टी विचारतात, चहा पिऊन जातात. ते संपले तेव्हा मला हायसं वाटलं. आप्पा कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले तेव्हा तर फारच बरं वाटलं. मला वाटलं, चला, जीव रमेल.

जीव कुठला रमतोय. आप्पा विमान सुरतेच्या धावपट्टीवर आणायचे, इंजिन सुरू करायचे आणि बसून राहायचे. अँटीव्हायरसची तपासणी व्हायची, टिंग व्हायचं, तरी बसलेले. समोर पंखा फिरतोय, पुढे मोकळी पट्टी, आणि ते खुर्चीत. शेवटी विमानातलं इंधन संपून पंखा आपोआप थांबायचा. मग ते कॉम्प्युटर बंद करून भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवसामागून दिवस हेच. जेवण निम्मं राहायला लागलं. चुलते शेतावर बोलवायचे, जायचे नाहीत. डेपोतले जुने मित्र भेटायला आले, त्यांच्याशीही हूं हूं. माय गेली तेव्हा मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी आता भ्याले. हा माणूस त्या धावपट्टीवर बसल्या बसल्या संपणार, असं मला स्वच्छ दिसायला लागलं.

मग मी करायला नको ते केलं. एका दुपारी ते तसेच बसलेले असताना मी दाराशी गेले आणि दोरी दोनदा ओढली. आप्पा हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा ओढली.

"तू पॅसेंजर शेस," आप्पा मागे न बघता म्हणाले. "पॅसेंजरनी घंटीवर गाडी निंघत नही."

खरं आहे. एसटीत प्रवाशाने घंटी मारायची नसते, आणि मारली तरी ड्रायव्हरने ऐकायची नसते. पण मला ते लागलं. इतकं लागलं की मी भांडले. म्हटलं, हो, पॅसेंजर तर पॅसेंजर, सुरतेला चढवून दिलंत तेव्हाही पॅसेंजर, परत आले तेव्हाही पॅसेंजर, आता तुमचं ताट वाढते तीही पॅसेंजरच. आणखीही बरंच बोलले. माझं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. हे त्यांनी बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा केलं होतं.

"जिनगीभर ज्यानी हात दखाडा त्यानासाठे मी गाडी थांबाडी," ते म्हणाले. "थांबा नसना तरी थांबाडी. म्हातारी दखी का थांबाडी. आनि तिनी सोता सांगं, उतरू द्या…"

मला कळलं. घंटी नाही म्हणून ते निघत नव्हते हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. मी त्यांना सांगितलं, आप्पा, तिला उतरवता येण्यासारखं नव्हतं, तुम्ही बरोबरच केलं. ते मान हलवत राहिले. असं सांगून कोणाचं काही हलकं होत नाही, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

पुढचे काही दिवस असेच गेले. मग क्लासला जाताना शहाद्याच्या स्टँडवर एक गाडी दिसली, पाटी लावलेली: विनावाहक, विनाथांबा. या गाड्यांना कंडक्टर नसतो. तिकिटं स्टँडवरच देतात, दार लावतात आणि गाडी सरळ शेवटच्या गावाला. मध्ये थांबा नाही म्हणून घंटीही नाही. ड्रायव्हर आपला आपण निघतो, आणि तसं निघणं नियमात बसतं. आमच्या आप्पांना देव एक वेळ समजावू शकणार नाही, पण नियम समजावू शकतो. संध्याकाळची बॅच सोडून मी दुपारीच घरी आले.

ते धावपट्टीवरच होते. मी म्हटलं, आप्पा, आज विनावाहक काढा. ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, कंडक्टर नसला तर डेपोत गाड्या काय उभ्या राहतात? सुरत ते शहादा, मध्ये कुठे थांबायचं नाही, घंटी नाही. त्यांनी बराच विचार केला. मग चष्मा पुसला.

तेवढ्यात अँटीव्हायरसची तपासणी सुरू झाली. मी विचारलं, आजच्या दिवस बंद करू का? नको म्हणाले. चेकिंगसाठी थांबणार का? त्यालाही नको म्हणाले, विनावाहकला चेकिंग स्टँडवरच होते. आणि त्यांनी विमान सोडलं. मी मायच्या पाटावर बसले होते. विमान वर उचललं गेलं.

धक्के खात चाललं होतं. तपासणी सुरू, त्यामुळे एक क्षण चित्र गोठायचं आणि मग विमान पुढे उडी मारायचं. एरवी आप्पांनी शिव्या घातल्या असत्या. आज नुसते पुढे बघत चालवत होते. उकाईचं पाणी डाव्या हाताला आलं आणि गेलं. नवापूरच्या गवतावर ते उतरले नाहीत, वरूनच गेले, फक्त मान थोडी खाली केली. नंदुरबारच्या अंदाजाने त्यांनी वळण घेतलं. मी मनात म्हणत होते, जाऊ दे, नीट जाऊ दे, एकदा शहाद्याला उतरू दे, मग उद्या पुन्हा निघतील. समोर तापीची निळी पट्टी दिसायला लागली. सिम्युलेटरमध्ये प्रकाशा नाही. पूल आहे, रस्त्याची राखाडी रेघ निळ्या पट्टीवरून जाते, तेवढाच.

टिंग झालं.

तपासणी संपली होती. कोपऱ्यात चौकट आली. तो आवाज कसला आहे हे आप्पांना पक्कं माहीत होतं. एवढे दिवस ते रोज ऐकत आले होते. तरी त्यांचा हात इंजिनकडे गेला. या वेळी त्यांनी एकदम जोर काढला नाही. हळूहळू कमी केला. विमान नदीवर एक गिरकी घेऊन खाली यायला लागलं.

"विनावाहकले थांबा नही, आप्पा," मी म्हटलं.

"म्हाईत शे."

"मंग?"

"तिले उतरानं शे," आप्पा म्हणाले.

आता चित्र अडखळत नव्हतं. पुलाच्या अलीकडे, पाण्याला लागून हिरवा काठ होता, तिथे त्यांनी विमान टेकवलं. इतकं हलकं टेकवलं की मी त्यांना तसं उतरवताना कधी पाहिलं नव्हतं. विमान थोडं धावलं आणि पाण्याकडे डावी बाजू करून उभं राहिलं. आप्पांनी बटण दाबून डावीकडे मागे पाहिलं. गवत, आणि त्याच्या पलीकडे नदी. ते बघत राहिले. सुई टोचलेल्या हाताने, कमरेला हात लावत, पदर सावरत एखाद्या बाईला उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ, आणि त्याहूनही बराच जास्त. मी पाटावरून उठून त्यांच्या खुर्चीमागे आले होते. मीही बघत होते. तिथे काही नव्हतं हे मला दिसत होतं आणि तरी मी बघत होते.

"उतरनी," आप्पा म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग पुन्हा समोरचं चित्र आणलं, पुढे मोकळा काठ, पंखा फिरतोय. खुर्चीत सरळ बसले. आणि मागे न बघता मला म्हणाले,

"वाजाड."

मी दाराशी गेले. गाठ हातात घेतली. ती तेलकट होती, मेथी निवडता निवडता, पीठ मळता मळता ओढलेली. मी एकदा ओढली. घंटी वाजली. दुसऱ्यांदा ओढायची होती. तेवढंच राहिलं होतं. हात वर होता, गाठ मुठीत होती, आणि मला ती ओढवेना. दुसरी घंटी झाली की गाडी निघणार होती आणि माय तिथे काठावर राहणार होती.

आप्पांनी वाट पाहिली. मागे वळून पाहिलं नाही, ड्रायव्हर पाहत नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "घाई नही."

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.